अर्धा सूर खाली

दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा मी व्हायोलिनची तार घ्यायला बुधवार पेठेतल्या त्या वाद्यांच्या दुकानात गेले, तेव्हा गल्ल्यावर नेहमीचे शमशुद्दीनचाचा नव्हते. त्यांचा मुलगा बसला होता, समोर उघडलेली पेटी घेऊन.

"पुन्हा तार?" त्यानं मान वर केली. "अब्बा सांगत होते, एक मॅडम येतात. वाजवतात की ओढतात, कळत नाही म्हणे."

"तार द्या. टोमणे घरी मिळतात मला."

तो हसला... आणि गालावर खळी पडली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

मग सांगावंच लागलं. मी आम्रपाली. येरवड्यातल्या कंपनीत दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, कानात कायम एकच कॅसेट. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं बरोक संगीत. एक सूर पुढे पळतो, दुसरा मागून त्याची खोडी काढतो, आणि शेवटी दोघं एकदम घरी पोचतात... काय सुख असतं ते! ऐकून ऐकून मी त्यातला सोलो बसवला. पण शरच्चंद्र सरांच्या वाद्यवृंदात माझा सूर सगळ्यांच्या खाली लागायचा, आणि वर चढवला की आजोबांच्या जुन्या व्हायोलिनची तार तुटायची.

"आपण वाजवता छान," सर म्हणाले होते, "फक्त आमच्याबरोबर वाजवत नाही. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर रविवारच्या कार्यक्रमात सोलो दीपाली वाजवेल."

"द्या ती कॅसेट," गल्ल्यावरचा तो मुलगा म्हणाला. त्याचं नाव उजैर. कॅसेट लावून त्यानं पेटीवर बोट ठेवलं. "अर्धा सूर खाली आहे. तुम्ही नाही, कॅसेट!" मग कव्हरवरची बारीक अक्षरं वाचली. "चूक तिचीही नाही. इथं लिहिलंय – जुनी वाद्यं, जुन्याच सुरात लावलेली. तुम्ही बरोबर आहात हो!"

दुकानात एवढ्या मोठ्यानं मला बरोबर कुणी म्हटलं नव्हतं. घरीही नव्हतं.

शनिवारी तो स्वतःचा कीबोर्ड घेऊन तालमीला हजर. सगळ्यांनीच वाद्यं अर्धा सूर उतरवावीत, असं त्यानं सुचवलं.

"एकटीसाठी सगळ्यांनी खाली उतरायचं?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सर, आमच्याकडे पेटीवाला आधी गाणाऱ्याची पट्टी विचारतो," उजैर अदबीनं म्हणाला. "सोलो ह्यांचा आहे... मग पट्टीही ह्यांचीच."

मग सरांनी स्वतःच्या चेलोची खुंटी पिळली. मागोमाग दीपालीनं, मग बाकीच्यांनी तारा सैल केल्या. उजैरनं एक बटण दाबून कीबोर्ड अर्धा सूर उतरवला.

आणि रविवारी भरलेल्या सभागृहात आम्ही वाजवलं. माझे सूर पळत होते, त्याचे मागून येत होते – वळणावर मी मुद्दाम जरा रेंगाळले, तोही थांबला! शेवटचा सूर एकत्र लागला आणि लोक उभे राहिले. सर चक्क टाळ्या वाजवत होते.

"उजैर," त्या गलक्यात मी म्हणाले, "मला रोज तुझ्याबरोबर वाजवायचंय."

"रोज?" तो गोरामोरा झाला. "येरवड्याहून बुधवारात... लांब नाही पडणार?"

"मग लांब राहायचंच कशाला?"

सगळ्याला उत्तर असलेला तो मुलगा उगाच कीबोर्डची बटणं चाचपायला लागला. लोक 'वन्स मोअर' ओरडत होते.

"आधी हो म्हण," मी व्हायोलिन खांद्याला लावलं. "मगच सुरू करते."

"हो," तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की पहिली रांग हसली.