प्रज्वलचा

"एवढा घोड्यासारखा वाढला, पण कूलरमध्ये बादलीभर पाणी टाकाले याले माणूस लागते!"

मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये सकाळीच अंजनाबाई कडाडल्या. "लहानपणी दप्तर शामलाच्या खांद्यावर. मास्तराची छडी शामलाच्या हातावर. आता बादली वॉचमनच्या डोक्यावर! काय गा धर्मेंद्र, देवानं तुले हात फक्त जेवाले देले काय?"

"माय, झालं का तुझं सुरू?" धर्मेंद्र मोबाईल कानाला लावून बाल्कनीत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

अंजनाबाईंनी स्वतःच बादली उचलली. उमरेडला हातमागावर त्यांचा उभा जन्म गेला होता. शाळा दुसरीतच सुटली, पण त्यांच्या जिभेच्या वाटेला जायची गावात कुणाची छाती नव्हती. सुट्टी लागताच मुलगी शामलाच्या लेकीला, मयुरीला घेऊन त्या नागपूरला मुलाकडे आल्या होत्या. पण हे येणं आंबरसासाठी नव्हतं. नातवाचं ऑपरेशन होतं.

नातू प्रज्वल तेरा वर्षांचा. चार वर्षांचा असताना त्याला शेतात घोणस चावली. जीव वाचला, पण विषानं किडन्यांना कीड लावली ती लावलीच. आता त्याला सारखं सदर भागातल्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागे. वाढ अशी खुंटलेली, की नवखा माणूस त्याला आठ वर्षांचाच समजे. नवी किडनी मिळाली तरच पोरगा जगणार होता. आई कामिनीचा रक्तगट जुळला नाही. अंजनाबाईंना साखरेचा आजार. "माझंही जुळलं नाही," असं धर्मेंद्र म्हणाला होता. आणि मग एके दिवशी एकाएकी, "डोनर मिळाला. नाव विचारायचं नसतं."

"आजी! आजी, सॉलिड न्यूज!" पडद्यामागून शेजारचा हर्षित सरपटत बाहेर आला. वय दहा, कान मात्र शंभर. "काका फोनवर बोलून राहिले होते. 'प्रज्वलचा तयार आहे ना? सोमवारी आणा त्याला.'"

"प्रज्वलचा काय?" मयुरीनं विचारलं.

"तेच तर! पुढं काहीच नाई!"

"डबा असेल."

"डबा 'त्याला' असतो का वं? 'सोमवारी आणा त्याला' म्हणाले!"

"मग मोती कुत्रा असेल," मयुरी हसली. "प्रज्वलचा मोती!"

प्रज्वल तेवढा हसला नाही. "माझं जे काही असतं ना, ते मला सोडून सगळ्यांना माहीत असतं," तो म्हणाला.

ते वाक्य अंजनाबाईंच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

ऑपरेशनच्या आधी देवीची ओटी भरायची म्हणून त्या तिन्ही पोरांना घेऊन बसनं कोराडीला गेल्या. दर्शन घेऊन बाहेर पडल्या तर ऊन डोक्यावर आलेलं. कडुनिंबाची पानं वीजकेंद्राच्या राखेनं पांढरी पडलेली. कोळशाचे ट्रक एकामागून एक धुरळा उडवत चाललेले. त्या ट्रकांच्या मागं एक पांढरी व्हॅन अडकली होती. खिडकीला जाळी, आणि जाळीमागं डोक्याला पंचा गुंडाळलेला एक पोरगा.

अंजनाबाईंची नजर आधी पंच्यावर गेली. लाल काळा करवतकाठ, करवतीच्या दातांसारखा. असे पंचे हजार असतील. पण या काठातला एक दात उलटा होता!

हा दात त्यांनीच चुकवला होता. माग चालू असताना "प्रज्वलले पान लागलं, घोणस चावली" असा निरोप आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात घसरला. खोट असलेला माल अंजनाबाईंनी कधी विकला नाही. तो पंचा त्यांनी नातवालाच पांघरला होता.

"ए! तो माझा पंचा!" प्रज्वल ओरडला.

आतल्या पोरानं वळून पाहिलं.

हर्षितच्या हातातली प्रसादाची पुडी खाली पडली. तेच रुंद कपाळ. तोच उजव्या भुवईतला भोवरा. प्रज्वल व्हॅनच्या बाहेरही होता आणि आतही!

व्हॅन एका गल्लीत शिरली. पाठोपाठ जाऊन पोरांनी फाटकावरची पाटी वाचली, 'छायांकुर आरोग्यधाम'. उंच भिंत, वर काचांचे तुकडे, खिडक्यांना जाड गज.

समोरच्या रसवंतीच्या सावलीत चौघं बसले. रसाचे ग्लास तसेच राहिले.

"क्लोन," मयुरी हळूच म्हणाली. "सायन्सच्या सरांनी सांगितलं होतं. एका जिवाची पेशी घेऊन दुसरा हुबेहूब तसाच जीव वाढवायचा. जनावरांचं करतात. माणसांचं करायला बंदी आहे."

"बंदी तर गुटख्यालेबी हाये," हर्षित म्हणाला.

प्रज्वल ग्लासाकडं पाहत होता. "नाव विचारायचं नसतं," तो पुटपुटला. मग त्यानं मान वर केली.  "आजी, माझा डोनर तो आहे."

 आतापर्यंत एका नातवाच्या जिवाचा घोर होता. आता दोन जीव एकाच दोरीला टांगले गेले होते.

"पोलिसले बोलवा ना बे!" हर्षित म्हणाला.

"आणि सांगायचं काय? ते म्हणतील अनाथ मुलं सांभाळतो," प्रज्वल म्हणाला. "आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, तरच लोक मानतील. मला आत जायला पाहिजे. आणि आजी, तू मला पकडून न्यायचं."

"म्हणजे गा?"

"मी तोच आहे असं दाखवायचं. पळून आलेला. आणि तू त्यांना झाप. तुला ते शिकवायला नको."

अंजनाबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "पोट्टा बापावर नाई गेला, नशीब आमचं!"

मयुरीनं भिंतीभोवती चक्कर मारून आणखी एक बातमी आणली. "मागच्या बाजूची भिंत अर्धी पडली आहे. तिथून आत जाता येतं. आणि एका खिडकीचे गज कापून तिथं कूलर बसवलाय. चाकांच्या स्टँडवर!"

अख्ख्या घराला गज लावले आणि उन्हाळा आल्यावर एक खिडकी स्वतःच्याच हातानं मोकळी केली! नागपूरच्या उन्हापुढं शहाणपण टिकत नाही, ते असं.

मयुरीनं कामिनीमामीला फोन लावला. "मामी, पोलिसांना घेऊन लगेच कोराडीला छायांकुर आरोग्यधामात ये. मामालाही आण. का ते आल्यावर दिसेल." मग ती आणि हर्षित मागं गेले. अंजनाबाईंनी पदर कमरेला खोचला, प्रज्वलचा दंड धरला आणि फाटकावर थापा मारल्या.

"कोण हाये रे राखणदार? मेला का जित्ता हाये?"

गार्ड डोळे चोळत आला. प्रज्वलला पाहून त्याची झोप खाडकन उतरली. "अरे बाप! हा बाहेर कसा गेला?"

"मले विचारते? ट्रकखाली गेला असता तर त्याले का खरवडून आणलं असतं? झोपा काढाले पगार देतात तुले? बोलाव तुह्या साहेबाले!"

"साहेब नको, बाई! पाया पडतो! नोकरी जाईन माझी!" गार्डनं घाईघाईनं फाटक उघडलं. "तुमीच न्या आत, त्याच्या खाटेवर निजवा. पोरं सांभाळणाऱ्या पुष्पलताबाई झोपल्या हाय. मी हितंच थांबतो."

इतकं सोपं होतं ते. ज्याला माणूस म्हणून कधी नीट पाहिलंच नाही, त्याचा चेहरा ओळखायचा तरी कसा!

आतल्या दालनात कूलर घरघरत होता. भिंतीला लागून खाटा, आणि खाटांवर पोरं. मस्ती नाही, भांडण नाही, हातात खेळणं नाही. पोरं असलेलं घर इतकं मुकं अंजनाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझं नाव काय, बेटा?" दाराजवळच्या चिमुरडीला त्यांनी विचारलं.

"श्वेताची."

"श्वेताची कोण?"

पोरीला प्रश्नच समजला नाही. "श्वेताची," ती पुन्हा म्हणाली.

"आणि तू?"

"साहिलचा."

कोपऱ्यातल्या खाटेवर पंचा गुंडाळलेला पोरगा उठून बसला. त्याला विचारायची गरजच नव्हती. तरी प्रज्वलनं विचारलं.

"प्रज्वलचा," तो म्हणाला. मग त्यानं समोरचा चेहरा न्याहाळला, भुवईतल्या भोवऱ्याला बोट लावून पाहिलं, आणि शहाण्या मुलासारखा शर्ट वर केला. कुशीवर पेनानं रेघ ओढलेली होती. "तू प्रज्वल ना? बाई म्हणते, ज्याचे आपण असतो तो आला की द्यायचं. सोमवार आला का?"

प्रज्वल खाटेजवळ आला. तो खाली बसला. त्यानं पंच्याचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि ती रेघ पुसायला लागला. रेघ जाईना. तो पुसतच राहिला.

"दुखते," पोरगा म्हणाला.

"सॉरी. मला तुझं काही नको. समजलं? काही नको मला!"

अंजनाबाईंनी भिंतीचा आधार घेतला.  रडायला पुढं जन्म पडला होता. त्यांनी कूलरच्या पत्र्यावर खुणेची चापट मारली. बाहेरून मयुरीनं वायर काढली. स्टँडची चाकं कुरकुरली, कूलर इंच इंच मागं सरकला आणि खिडकीत उजेडाचा चौकोन उघडला.

"लवकर! एकेक!" हर्षितनं हात पुढं केले. "ये वं श्वेताची! डर मत!"

पोरं सांगितल्यासारखी उतरत गेली. कुठं नेता, असं एकानंही विचारलं नाही. विचारायचं असतं, हे त्यांना शिकवलंच नव्हतं.

पण कूलर थांबला आणि दालन तव्यासारखं तापलं. त्या अचानक शांततेनंच शेजारच्या खोलीतली पुष्पलताबाई जागी झाली!

"कूलर कोणी बंद केला?"

खिडकीत आता फक्त प्रज्वल आणि त्याचा जुळा चेहरा उरला होता. अंजनाबाई दाराच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. हात दोन्ही चौकटींना.

"कोण तुम्ही? बाजूला व्हा!"

"तू कोण वं? दूध पाजते का कसायासाठी चारा घालते?"

"मी फक्त सांभाळते!" पुष्पलताबाई किंचाळली. "डॉक्टर म्हणतात ही खरी मुलं नाहीत. नकला आहेत!"

"नकल? तहान लागली का पाणी मागते ना ती? मग?"

 पुष्पलताबाईनं अंजनाबाईंना ढकललं. पण मागावर पाय मारून मारून लोखंड झालेली ती बाई तसूभर हलली नाही. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

पोलीस आत आले तेव्हा पडक्या भिंतीजवळ सगळी पोरं ओळीनं उभी होती. सगळ्यात पुढं दोन प्रज्वल, एकाच पंच्याखाली. इन्स्पेक्टर मनोहररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. कामिनी दोघांकडं पाहत राहिली. कुणाकडं धावावं हे तिला कळेना. शेवटी तिनं दोघांनाही छातीशी धरलं.

धर्मेंद्र गाडीच्या दाराला टेकून उभा होता. त्याच्या तोंडून सगळं थोडंथोडं बाहेर पडलं. घोणस चावली तेव्हाच डॉक्टरनं सांगितलं होतं, की मोठा झाल्यावर किडनी लागेल. त्याच दवाखान्यात एकानं गाठलं. पेशी द्या, आम्ही वाढवतो, तुमच्या बायकोला कळायचं कारण नाही. आधी एक किडनी. आणि पुढं लागेल ते, लागेल तेव्हा. त्याला आता आठ वर्षं झाली होती, म्हणून तो वाढ खुंटलेल्या प्रज्वलएवढाच दिसत होता. इथं असलेल्या प्रत्येक पोराचं असंच होतं.

"आणि पंचा?" अंजनाबाईंनी विचारलं.

"एकदा पाहायला आलो होतो. हा उन्हात उघडा उभा होता. म्हणून..."

"ऊन लागते हे समजलं तुले. सुरी लागते हे नाई समजलं?"



मनोहरराव तिन्ही पोरांकडं वळले. "आम्ही या रस्त्यावरून रोज जातो. आम्हाला दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं. शाब्बास!" मग त्यांनी लहानग्याला जवळ घेतलं. "बाळ, नाव काय तुझं?"

"प्रज्वल..."

"थांब!" मयुरी धावली. तिनं त्याच्या कानाला तोंड लावलं. "कुर्रर्र! श्रीधर!" बारशाला आत्या करते तसं तिनं केलं. श्रीधर कान चोळत खुदकन हसला. त्या घरातून बाहेर पडलेलं ते पहिलं हसू.

"मग माझं बी ठेव ना!" श्वेताची म्हणाली. तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

प्रज्वल दमून पायरीवर बसला होता. त्याला नवी किडनी अजूनही हवीच होती. अंजनाबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुम्ही पोट्टे नाई, वाघ हाये." मग त्या ताठ उठल्या आणि मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांग. तू स्वतःचं तपासलंच नाई ना?"

 "मले भीती वाटली, माय."

गल्लीतून कोळशाचा ट्रक गेला. अंजनाबाईंनी तोंडावरचा धुरळा पदरानं पुसला.

"मागावरच्या उभ्या सुताच्या एका ताण्यावर चार लुगडी निघतात, धर्मेंद्र. सूत एक, रंग एक. पण कापून वेगळं केलं का ज्याचं त्याचं लुगडं. एक नवं फाडून दुसऱ्याले ठिगळ लावणारा विणकर मी जन्मात पाह्यला नाई. दप्तर तुहं, वाह्यलं शामलानं. मार तुहा, खाल्ला शामलानं. आता बाप तू, अन् पोट फाडाचं या लेकराचं? तुरुंगाचं सरकार पाहीन. तुह्या मायचा निकाल हा हाये. तुह्याजवळ दोन किडन्या होत्या, अन् तू तिसऱ्याच्या पोटात हात घातला. चाल, बस गाडीत. सदरच्या दवाखान्यात आधी तुहं रक्त तपासू. अन् आज बादली तूच उचलशीन."