दोन नद्यांच्या काठी

न्यूयॉर्कजवळच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर वाणसामानाच्या दुकानात भेंडी निवडता निवडता कुणाचं प्रेम जमतं, असं कुणी सांगितलं असतं तर उर्वीने त्याला वेड्यात काढलं असतं. त्या रविवारी तिच्या डोक्यात फक्त भेंडी होती. टोक मोडून पाहायचं, कोवळी असली तर पिशवीत, नाहीतर गुपचूप परत ढिगात... आणि दुकानदाराचं लक्ष जायच्या आत पुढे सरकायचं. बाहेर नोव्हेंबरचा बोचरा पाऊस लागला होता. नांदेड सोडून पाच वर्षं झाली तरी या पावसाशी तिचं काही जमलं नव्हतं.

"जून आहे मेली," ती भेंडीला म्हणाली.

"एक्स्क्यूज मी... तुम्ही मराठी?"

मागे एक उंच मुलगा उभा होता. केस भिजलेले, दाढी वाढलेली, हातात टोपली नाही, फक्त फोन.

"का? इतर लोक भेंडी मोडून बघत नाहीत?"

"तुम्ही तिला 'जून' म्हणालात. माझी आई असंच म्हणते..." तो अडखळला. "म्हणायची. मला एक हेल्प हवीये. थोडं वियर्ड आहे. एक रेकॉर्डिंग ऐकाल? मी इथे दोघांना विचारलं, ते गुजराती निघाले."

उर्वीला हसू आलं. पण त्याने फोन तिच्या कानाशी धरला आणि ते हसू जागच्या जागी विरलं. एक थकलेला बायकी आवाज, धाप लागलेला, तरी ताल न सोडणारा —

*दोन नद्या शेजारी, भेट त्यांची होत नाही,*
*काठावरती रोज उभी, पाण्यात पाय देत नाही.*
*दिवेलागणीला येतो मेळा, देव कोणी दिसत नाही,*
*माझा माणूस भेटल्याविना मी काही परतत नाही.*

आणि शेवटी एकच शब्द, आर्जवाचा... "चल."

"हे तर कोडं आहे," उर्वी म्हणाली. "जागा ओळखायची."

"ते कळलं. मंडळाच्या पिकनिकला ट्रेझर हंट असायची ना, त्याचे क्लू आईच लिहायची. पण मला अर्धे शब्द येत नाहीत. दिवेलागणी म्हणजे काय — दिवाळी?"

"दिवे लावायची वेळ. संध्याकाळ."

"ओह." त्याने ते तोंडातल्या तोंडात घोळवलं. मग भाजीच्या त्या गर्दीत उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं. दमलेल्या माणसाला अनोळखी माणसाशी बोलणं कधीकधी सोपं जातं. त्याचं नाव देवांग. जन्म इथलाच, घर वेस्ट विंडसरला; बाबा न्यूयॉर्कला नोकरीला होते, ते आता नाहीत. एप्रिलमध्ये आईला स्ट्रोक झाला आणि तिचे शब्द गेले. पाणी मागायचं तर पाणी आठवत नाही, मुलाला हाक मारायची तर नाव आठवत नाही. पण हे एक कोडं, कधीतरी स्वतःच रचलेलं, जसंच्या तसं येतं. दिवसातून कितीदा तरी म्हणते आणि मग 'चल' म्हणते. फोटो दाखवले तर सगळ्यालाच मान डोलावते. आता हृदयही थकलंय. डॉक्टर महिन्याभराचंही बोलत नाहीत.

"साताऱ्याचे श्रीराममामा म्हणतात, तिला माहुलीला यायचंय. बाबांच्या अस्थी तिथे सोडल्यात. 'माझा माणूस' म्हणजे बाबा. थँक्सगिव्हिंगच्या आत, म्हणजे याच महिन्यात घेऊन ये म्हणतात. पण डॉक्टर म्हणतात फ्लाइट झेपणार नाही. म्हणजे गेस चुकला तर ती विमानातच... आणि तेही उगाचच..."

त्याने फोन खिशात टाकला.

"माहुली नाही," उर्वी पटकन म्हणाली. "माहुलीला संगम आहे. कृष्णा आणि वेण्णा तिथे भेटतात. आणि या नद्यांची भेटच होत नाही."

देवांगने तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खिडकी उघडावी, तसं पाहिलं.

"तुम्ही आमच्या घरी याल?"

"पहिल्याच भेटीत डायरेक्ट घरी?"

"आईला भेटायला!" तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी... आय मीन..."

"भेंडी घेते आणि येते," उर्वी म्हणाली.

देवांगच्या आईने, सुहासिनीकाकूंनी, तिचा हात धरला तो सोडेचनात. ती मराठीत बोलत राहिली आणि काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या. शब्द परत देता येत नव्हते, पण ऐकू तर येत होते! देवांग दाराला टेकून उभा होता. निघताना म्हणाला, "ती आज शांत झोपली. उद्या येशील?" कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

उर्वी नेवार्कच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. संध्याकाळच्या ट्रेनने प्रिन्स्टन जंक्शनला, म्हणजे वेस्ट विंडसरच्याच स्टेशनवर, उतरायची आणि भाड्याच्या खोलीवर चालत जायची. तिथे तिची कुणी वाट पाहत नव्हतं. आता ती खोलीवर न जाता देवांगकडे जाऊ लागली. काकूंना भात भरवायची, मग टेबलाशी बसून दोघं कोड्याशी झटायची. आतल्या खोलीत एक बाई मरत होती आणि बाहेर या दोघांना हसू फुटायचं. मग दोघंही ओशाळून गप्प व्हायची. आयुष्याला काळवेळ कळत नाही, दुसरं काय!

"देव नाही आणि मेळा आहे," देवांग म्हणायचा. "मॉल?"

"काकू मॉलसाठी जीव अडकवून बसतील?"

"तू माझ्या आईला सेलमध्ये पाहिलेलं नाहीस, यार."

पहिला खरा अंदाज त्याचाच होता. लँबर्टव्हिलला डेलावेअर नदी आणि कालवा शेजारी शेजारी वाहतात, मध्ये चालायची वाट आहे. ऐन दिवेलागणीला त्यांनी काकूंना गाडीत घालून तिथे नेलं. काकूंनी काचेतून नदी पाहिली, कालवा पाहिला, आणि लहान मुलासारखं तोंड फिरवलं. परतताना त्यांच्या ओठांचा रंग निळसर झाला होता. घरी येणारी नर्स म्हणाली, असं बाहेर काढणं फार तर अजून एकदाच. त्यानंतर झेपणार नाही.

एकच संधी. त्यामुळे आता आधी जागा बघून यायची, खात्री झाली तरच काकूंना न्यायचं, असं ठरलं. त्या निमित्ताने दोघं गाडीतून भटकू लागली. पाऊस, वायपरची करकर, तिच्या बाजूच्या काचेवर धुकं साचलं की त्याने न बोलता हात लांबवून पुसणं... नदी बघायला निघालेली उर्वी नदीकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघू लागली.

"'काठ' म्हणजे एज," तो पाठ करायचा. "'परतत' म्हणजे रिटर्न. आणि 'माझा माणूस'? लिटरली, माय मॅन?"

"तसं नाही रे. त्यात... सगळं येतं. नवरा, घर, भरवसा. असं सगळ्यांना म्हणता येत नाही."

"तू कुणाला म्हणतेस?"

"रस्ता बघ," ती म्हणाली.

आणि मग तो गुरुवार आला. उर्वी नेहमीसारखी ट्रेनमधून उतरली. अंधारत आलं होतं. फलाटावरचे दिवे नुकतेच लागले होते. डब्यांतून माणसांचा लोंढा बाहेर पडला आणि पार्किंगकडे निघाला. तिथे गाड्या दिवे लावून उभ्या होत्या. कठड्याशी कानटोपी घातलेली एक बाई उभी होती, गर्दीतला एकेक चेहरा न्याहाळत. मग एकदम तिने हात हलवला. तिचा माणूस उतरला होता.

उर्वी जागीच थबकली. मागे वळून तिने रुळांकडे पाहिलं. एक न्यूयॉर्ककडे जाणारा, एक तिकडून येणारा. शेजारी शेजारी, कधीच न भेटणारे.

इतके दिवस मामा साताऱ्यात शोधत होते आणि ती दोघं खऱ्या नद्यांच्या काठी! मराठीत कोडं घातलं म्हणजे बाई देशाचीच आठवण काढणार, हे मामा धरूनच चालले होते. काकूंचं तर अख्खं आयुष्य इथे गेलं होतं. नवरा न्यूयॉर्कहून सुटून येईल म्हणून संध्याकाळी या कठड्याशी उभं राहण्यात.

तिने फोन काढला. देवांगचं नाव समोर आलं... आणि अंगठा तिथेच थांबला.

शनिवारी दोघं न्यूयॉर्कला जाणार होती. हडसन आणि ईस्ट रिव्हर, मधे गर्दीचं शहर, देव नसलेला मेळा, असा देवांगचा नवा अंदाज होता. तो चुकीचा होता, हे आता तिला ठाऊक होतं. पण आत्ता फोन केला तर उद्या काकूंना इथे आणतील, कोडं सुटेल, आणि मग तिला त्या घरात कोण बोलावणार? कशाला? तिला स्वतःची लाज वाटली. खूप वाटली. तरी तिने फोन खिशात ठेवला. एक दिवस, ती मनाशी म्हणाली. एवढा एक दिवस मला मिळू दे, रविवारी सांगते.

शनिवारी ती दोघं त्याच फलाटावर उभी होती. "बाबा इथूनच जायचे," देवांग म्हणाला, सहज, कॉफीचा घोट घेत. उर्वीने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ट्रेन आली.

तो दिवस सुंदर होता, हेच वाईट. ऊन पडलं होतं. मॅनहॅटनच्या टोकाशी उभं राहून पाहिलं तर दोन्ही नद्या समोर एकमेकींत मिसळत होत्या. "भेटल्या!" देवांग ओरडला. "फेल! पुन्हा फेल!" हसता हसता त्याने तिचा हात धरला आणि हसू संपलं तरी सोडला नाही.

"उर्वी... सगळं संपल्यावर, आई गेल्यावर... तू येत राहशील?"

म्हणजे तिला भीती होती ते खोटंच होतं. कोडं सुटलं असतं तरी त्याने बोलावलंच असतं. उर्वीने हात सोडवून घेतला.

"देवांग, मला तुला काहीतरी —"

त्याचा फोन वाजला. नर्सचा होता.

घरी पोचेपर्यंत काकू कुणाचं ऐकण्यापलीकडे गेल्या होत्या. श्वास चालू होता, ओढून ओढून. डोळे मिटलेले. कोडंही थांबलं होतं. नर्स म्हणाली, आता हलवायचं नाही.

उर्वीने स्वयंपाकघरात त्याला सांगितलं. सगळं. रूळ, फलाट, कठडा.

देवांग खुर्चीत बसला. "स्टेशन," तो म्हणाला. "मी मागच्या सीटवर होमवर्क करायचो. ती गाडीत बसायचीच नाही, बर्फातसुद्धा. आणि मी नद्या शोधत होतो." तो रडू लागला. मग एकदम थांबला. "हे तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"गुरुवारी." त्याने तो शब्द जड वस्तूसारखा खाली ठेवला. "काल आई शुद्धीत होती. काल आपण तिला नेऊ शकलो असतो?"

"हो."

"मग का?"

खोटं बोलता आलं असतं. खात्री नव्हती, असं म्हणता आलं असतं, आणि त्याने ते मानलंही असतं.

"मला तुझ्याबरोबर आजचा दिवस हवा होता," उर्वी म्हणाली. "कोडं सुटलं की तू मला बोलावणार नाहीस, असं वाटलं. माझं तुझ्यावर प्रेम आहे, देवांग. म्हणून मी तुझ्या आईचा दिवस घेतला."

देवांग उठला आणि तिचा कोट घेऊन आला.

"घरी जा, उर्वी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. तिच्या हातात तिचा कोट दिला. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

काकू सोमवारी पहाटे गेल्या. अंत्यसंस्काराला उर्वी मागच्या रांगेत उभी राहिली. देवांगने तिला पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिने दोनदा माफी मागणारा मेसेज लिहिला आणि दोन्ही वेळा पुसला. झालेल्या गोष्टीला माफीचा काय उपयोग होता? सुहासिनीकाकू त्या कठड्याशी पुन्हा कधीच उभ्या राहणार नव्हत्या. आणि रोज संध्याकाळी, घरी जायचं तर उर्वीला त्याच कठड्याजवळून जावं लागत होतं. ती खाली मान घालून भराभर निघून जायची. शिक्षा म्हणून कुणाला यापेक्षा नेमकी जागा सापडली नसती.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. ट्रेन उशिरा आली. लोंढा उतरला, गाड्यांचे दिवे हलले, एकेक करून निघून गेले. उर्वीने मफलर वर ओढला आणि चालू लागली.

कठड्याशी देवांग उभा होता. खांद्यांवर बर्फ साचला होता. बराच वेळ उभा असणार.

ती थांबली. मफलर तोंडावरून खाली ओढला.

"ऑफिस सुटलं की मी इथे येतो," तो म्हणाला. "आईसाठी. तुझी ट्रेन यायच्या आत निघून जातो. तुझी ट्रेन कुठली, ते मला माहीत आहे." त्याने हात खिशात खोल घातले. "आज लेट होती. मी निघायला गेलो... आणि गाडी सुरूच होईना. इंजिन ठीक आहे. मीच किल्ली फिरवली नाही."

"देवांग, मला माफ —"

"नको. ते नको बोलू. मला जमत नाहीये ते." त्याने बाहीवरचा बर्फ झटकला. "रोज हिशेब करतो, तो शुक्रवार मिळाला असता तर... राग आहे मला तुझा. खूप. बहुतेक बरीच वर्षं राहील."

उर्वीने मान हलवली. डोळ्यांतलं पाणी गालावर थंडगार झालं, तिने पुसलं नाही.

"पण तुझ्याशिवाय राहण्यापेक्षा," तो म्हणाला, मराठी शब्द एकेक जुळवत, "तुझ्यावर रागावून राहणं... मला बरं वाटतं."

त्याने पुढे होऊन गाडीचं दार उघडलं.

"बस. थंडी आहे."