दोन दारं, एकच फोटो

"थांबा! हा फोटो तुमचा नाही!"

दरवाजावरचे काका ओरडले तेव्हा मी शेजारच्या दाराला कार्ड लावून उभी होते. सकाळचे नऊ वाजून चार मिनिटं. खांद्यावर लॅपटॉप, डोळ्यांत झोप आणि मनात एकच... हे ग्रंथालयाचं काम एकदाचं संपू दे गं बाई.

काकांच्या समोरच्या पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पहिल्या दारात एक उंच, सडपातळ माणूस अडकला होता. बोटांवर वाळलेली खळ. आणि त्याच्या पडद्यावर फोटो होता — माझा!

"काका, परवा मिशी काढली," तो शांतपणे म्हणाला, "पण इतका फरक पडला असेल असं वाटलं नव्हतं."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा अवघडूनच आलं.

तो ग्रंथालयातला बांधणीवाला. फाटकी पुस्तकं शिवून, पुठ्ठा चढवून पुन्हा उभी करणारा. मी त्या नव्या दारांचा प्रोग्राम लिहिणारी. कार्ड लावलं की माझा जावातला प्रोग्राम सभासदाचा क्रमांक घेतो, त्या क्रमांकाचा फोटो शोधून पडद्यावर लावतो, मग काका चेहरा ताडून आत सोडतात. बस्स, एवढंच. चार वर्षांत सात गावं, सात ऑफिसं, आणि असलीच कामं. काम संपलं की बॅग भरायची. इथेही पुढच्या शुक्रवारी ग्रंथपालबाईंना सगळं चालवून दाखवायचं आणि शनिवारी आठवं गाव गाठायचं, असं ठरलेलं. आई फोनवर म्हणायची, "अगं, तुझं बूड कुठे स्थिरावणार आहे की नाही?" मी विषय बदलायची.

तो आठवडाभर रोज तेच. नऊ वाजून चार मिनिटं, तो पहिल्या दारात, मी दुसऱ्या... आणि त्याच्या पडद्यावर मी.

"तुम्ही तर माझ्या मागेच लागलात," तो म्हणाला.

"मी नाही, प्रोग्राम लागलाय."

"मग लागू दे. माझी काही तक्रार नाही."

मंगळवारी दुपारी मी त्याला चाचणीला बोलावलं. "एक, दोन, तीन म्हटलं की दोघांनी कार्ड लावायचं."

"तीनवर की तीन झाल्यावर?"

"अहो, तीनवर!"

"आधी विचारलेलं बरं. घाईत घातलेली शिवण उसवते."

बारा वेळा कार्डं लावली. दर वेळी मी अर्धा क्षण मागे. दमलेली माणसं मागेच राहतात. आणि दर वेळी दोन्ही पडद्यांवर मीच — अर्धे मिटलेले डोळे, विस्कटलेले केस. पहिल्या दिवशी प्रवासातून उतरल्या उतरल्या काढलेला, तात्पुरत्या कार्डाचा फोटो.

"शी! किती भयाण दिसतेय मी."

"मला आवडतो," तो पडद्याकडे बघत म्हणाला. मग कान लाल झाले त्याचे, आणि "खळ वाळेल" असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

तो गेला आणि दहा मिनिटांत चूक सापडली. माझीच होती, नवशिकाही करणार नाही अशी. क्रमांक ठेवायला प्रत्येक दाराला वेगळी जागा द्यायची, तर मी दोन्हींत मिळून एकच दिली होती. एका क्षणाला दोन कार्डं लागली की मागून आलेल्याचा क्रमांक पहिल्याच्या क्रमांकावर जाऊन बसायचा.

दुरुस्ती एका ओळीची. करायला बसले... आणि दारांच्या आणि जुन्या हजेरीच्या नोंदी चाळताना हात थांबला. बांधणीच्या खोलीचं काम दहाला सुरू होतं. तो सहा महिने रोज दहाला पाच कमी असताना आलेला. एका सोमवारी, काहीतरी तातडीचं असेल, नऊला आला. आणि त्या दिवसापासून रोज नऊ वाजून चार मिनिटं... माझ्याच सेकंदाला!

मी लॅपटॉप मिटला. दुरुस्ती केली नाही.

बुधवारी ग्रंथपालबाईंना "शोधतेय" म्हणून चक्क थाप मारली. गुरुवारी मात्र काकांनी एका म्हाताऱ्या मास्तरांना अडवलं. पडद्यावर कुणा कॉलेजच्या मुलीचा फोटो. मास्तर चारचौघांत खिसे चाचपत राहिले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या दोन सकाळींसाठी त्यांनी का ओशाळं व्हावं? पाच मिनिटांत ती ओळ बदलली.

शुक्रवारी बाईंसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. एक, दोन, तीन. त्याच्या पडद्यावर तो, माझ्या पडद्यावर मी.

"छान! सुटलात तुम्ही," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा पडला. बाई वळायच्या आत तो निघूनही गेला.

मी बांधणीच्या खोलीत गेले. तो मान खाली घालून शिवत होता.

"उद्या निघणार?"

"ठरलंय तसं." मी दारातच उभी. "एक सांगायचंय... चूक मला मंगळवारीच सापडली होती."

सुई थांबली. "मग लगेच का नाही दुरुस्त केली?"

"तुमचं काम दहाचं. मग नऊला का यायचात?"

त्याने दोरा बोटाला गुंडाळला.

"खांबाआड उभा राहायचो," तो म्हणाला. "तुम्ही वळणावर दिसलात की निघायचो. असं वागणं चूक आहे ते कळत होतं, पण... तो फोटो बघितला की वाटायचं, किती दमलीय ही. हिला कुणीतरी बसायला खुर्ची द्यायला हवी."

चार वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले. "मी खरंच फार दमलेय हो," मी म्हटलं.

खोलीत एकच खुर्ची होती, तीही पुस्तकांनी भरलेली. त्याने सगळी पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली, बाहीनं खुर्ची पुसली.

"बस ना," तो म्हणाला.

मी बसले. तिथूनच आठव्या गावाला फोन लावला आणि काम इथूनच करीन, चालत असेल तर बघा, म्हणून सांगितलं. तेवढ्यात काका दारात आले.

"ताई, तात्पुरतं कार्ड आज संपतंय. परत द्या."

"घ्या. काका, कायमच्या सभासदाचा फॉर्म आहे का?"

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मिशीत हसले. "आहे की. पण नवा फोटो लागेल हं."

"नको काका," बांधणीवाला म्हणाला. "तोच राहू दे."