नेहमीचंच द्या

डॉक्टरांनी बायकोचं वजन केलं, काटा बघितला, चष्मा पुसला आणि काटा पुन्हा बघितला. डॉक्टर चष्मा पुसायला लागले की पेशंटने सावध व्हावं, असं माझं जुनं मत आहे.

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत," ते म्हणाले. "आजार म्हणावा असं काही नाही. फक्त त्या जेवत नाहीत."

हे आम्हाला माहीत होतं. म्हणूनच तर त्यांच्याकडे गेलो होतो.

"मग देऊ काय?"

"काहीही द्या. घशाखाली उतरेल ते."

आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. त्यातली निदान चाळीस तिने मला "सावकाश जेवा, कोणी पळवत नाहीये" हे सांगण्यात घालवली. आता दोन महिने ती ताटलीतला बटाटा चमच्याने या कडेवरून त्या कडेला नेऊन ठेवायची आणि म्हणायची, "झालं माझं." लग्नात आम्ही एकमेकांना घातलेल्या अंगठ्यांपैकी माझी बोटात रुतून बसली होती आणि तिची बोटात राहीना. मग रोज सकाळी चहाच्या आधी मी तिच्या अंगठीला आतून पांढरा दोरा गुंडाळून द्यायला लागलो. सुरुवातीला चार वेढे पुरायचे. त्या आठवड्यात नऊ झाले होते.

त्याच दुपारी औषधाच्या दुकानातून परत येताना मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरलो. या भागात राहायला येऊन आम्हाला सहा महिने झाले होते. हॉटेल जाता-येता दिसायचं, आत पाऊल मात्र टाकलं नव्हतं. म्हटलं, मऊ-मऊ काही मिळालं तर बांधून न्यावं. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, लाल रेक्झिनची बाकं, हिरव्या सनमायकाची टेबलं, फळीवर गोल कोपऱ्यांचा रेडिओ, गल्ल्यावर तबकडी फिरवायचा काळा फोन. हल्ली जुनं दिसणारं सगळं नवीनच बनवतात, म्हणून मी बसल्या-बसल्या टेबलाची कड नखाने खरवडून बघितली. खरोखरच जुनी होती. कडेला पेनाच्या टोकाने टोचलेल्या बारीक ठिपक्यांची रांग होती. वाक्य सुचत नसलं की मीही असाच टेबल टोचत बसतो. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात दर आठवड्याला लोकांची टिंगल करून पोट भरलं, त्यात सहा टेबलं खराब केली. म्हटलं, आपल्यासारखाच आणखी एक नतद्रष्ट.

स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी भिंतीवर हुकांना कप टांगले होते. एकासारखा दुसरा नाही. रोजच्या गिऱ्हाइकांचे असणार. पाच-सहा माणसं माना खाली घालून जेवत होती. मेनूकार्ड कुठे दिसेना. वेटर आला. सत्तरीचा, पांढरा कोट, खांद्यावर फडकं. त्याने काही विचारलं नाही, नुसता उभा राहिला.

आता माझा स्वभाव हा असा. नव्या ठिकाणी थोडा खोडसाळपणा केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"नेहमीचंच द्या," मी म्हणालो.

माणूस गोंधळेल, मग हसेल, मग दोघं मिळून हसू, अशी माझी कल्पना. तो वळला आणि खिडकीत तोंड घालून ओरडला, "सात नंबर, नेहमीचं. दोन." मग त्याने हुकांवरून दोन कप उतरवले.

दोन ताटल्या आल्या. माझा टोस्ट काळा पडेपर्यंत भाजलेला. असा टोस्ट मागितला की बाकीच्या हॉटेलांत आधी वाद घालावा लागतो. समोरच्या रिकाम्या जागेपुढे दुसरी ताटली. पावाच्या कडा काढलेल्या, कुस्करलेल्या बटाट्यात मधोमध खड्डा करून त्यात लोणी, आणि सूपच्या अगोदर कस्टर्डची वाटी. माझी बायको गोड आधी खाते. "मध्येच मेले तर गोड तरी खाऊन झालेलं असेल," असं ती लग्नाच्या जेवणापासून म्हणत आली आहे.

"बाई नाही आल्या आज?" वेटरने विचारलं.

मी डावखुरा आहे. माझ्या कपाचा कान त्याने डावीकडे करून ठेवला होता.

"हे बांधून देता का?" आवाज माझाच होता, पण जरा वरच्या पट्टीतला.

"नेहमीचं बांधून देत नाही, साहेब. इथेच जेवायचं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन गेलो. दोनशे पावलं, तीनदा थांबून. दारातून आत गेल्यावर मात्र ती थांबली नाही. सरळ सात नंबरवर गेली, भिंतीकडची बाजू धरून बसली आणि वेटरला म्हणाली, "आज कस्टर्ड पातळ नाही ना?"

"नाही, बाई. गेल्या वेळी बोललात ना."

"अगं, तू इथे कधी आली होतीस?" मी विचारलं.

"अहो, काहीतरीच काय? आपण नेहमी इथेच तर येतो."

आणि ती जेवायला लागली. कस्टर्ड, सूप, बटाटे, पाव. मी टोस्ट हातात धरून बघत राहिलो. तिच्या गालांवर रंग आला. मग वाटलं, नुसता रंग नाही, गालही आले. ती बोट चोळायला लागली.

"हा दोरा काढा हो. रुततोय."

माझा हात पोचायच्या आत दोरा तुटला. नऊच्या नऊ वेढे. त्याचा बारीकसा आवाजही मी ऐकला. मला इतका आनंद झाला की मी आणखी एक सूप मागवलं आणि तिने तेही संपवलं.

घरी येताना आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अंगठी तिच्या बोटातून गळून पडली.

पंधरा दिवस आम्ही रोज गेलो. डॉक्टरांना मी छाती पुढे काढून सांगितलं, "दोन-दोन ताटल्या जेवते." त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढला. तीन किलो कमी. मग त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने मी चाळीस वर्षं पुढाऱ्यांकडे बघत आलो होतो.

त्याच सुमारास पोस्टमनकडे माझं लक्ष गेलं. तो चार नंबरवर बसायचा. हॉटेलात त्याच्या पोटावर गणवेशाची बटणं ताणलेली असायची, मान कॉलरमध्ये मावायची नाही. एका सकाळी पत्र घेऊन तो आमच्या दारात आला, तर तोच गणवेश खुंटीला अडकवल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता.

"तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"भूक तर छान लागते, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही बघताच की."

पुढच्या आठवड्यात पत्रं द्यायला दुसराच कोणी आला. जुन्याची चौकशी केली तर म्हणाला, "ते वारले. मंगळवारी." तो दिवस शुक्रवारचा होता. दुपारी आम्ही गेलो तेव्हा चार नंबरवर पोस्टमन पुडिंग खात होता. त्याने मान हलवून ओळख दिली. सभ्य माणूस.

त्या दिवशी मला जे कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिला घरीच ठेवलं. बटाटे कुस्करले, खड्डा करून लोणी घातलं, पावाच्या कडा काढल्या, गोड आधी दिलं. ती भिंतीकडे बघत राहिली. तीन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, मला भूक लागलीय. घरात काय बसवून ठेवलंय? तिकडे न्या ना."

नेलं तरी झिजणार, नाही नेलं तरी झिजणार. फरक एवढाच, की तिथे ती हसायची. मी नेलं. यावर कोणाला बोलायचं असेल त्याने बोलावं. माझं मला बोलून झालं आहे.

शेवटी-शेवटी चाकाच्या खुर्चीतून न्यायचो. उंबऱ्यापर्यंत ती खुर्चीच्या एका कोपऱ्यात मावलेली असायची. उंबऱ्याशी उठायची, केस सारखे करायची आणि चालत आत जायची. रिकामी खुर्ची ढकलत मी मागोमाग.

एकदा वेटरला विचारलं, "आम्ही इथे कधीपासून येतोय हो?"

तो टेबल पुसत होता. ठिपक्यांच्या रांगेपाशी फडकं थांबलं.

"नेहमीच येता की."

"आणि आज मी दुसरं काही मागितलं तर?"

"दुसरं कोण मागतंय, साहेब?"

गुरुवारी सकाळी मी तिच्याकडे चहा घेऊन गेलो, दोरा घेऊन गेलो. दोरा लागला नाही.

लेक आली. पुढचं सगळं तिने केलं. आईची अंगठी माझ्यासमोर कपाटाच्या खणात ठेवली आणि किल्ली माझ्या खिशात घातली. "बाबा, चार घास तरी खा," म्हणत राहिली. माझ्या घशाखाली काही उतरेना.

रविवारी दुपारी लेकीचा डोळा लागला, तेव्हा मी बाहेर पडलो.

ती सात नंबरवर होती. कस्टर्ड संपत आलं होतं.

"किती उशीर," ती म्हणाली. "टोस्ट गार झाला तुमचा."

मी बसलो. अंगठी तिच्या बोटात होती. घट्ट.

"सावकाश जेवा. कोणी पळवत नाहीये."

मी सावकाश जेवलो.

याला आता सात आठवडे झाले. रोज जातो. कितीही लवकर गेलो तरी ती म्हणते, "किती उशीर." टोस्ट वाफाळत असला तरी म्हणते, गार झाला. लेकीबद्दल विचारलं तर ऐकू न आल्यासारखं हसते आणि कस्टर्डची वाटी पुढे ओढते. एकदा सगळं बळ गोळा करून मी वेटरकडे नुसता चहा मागितला. त्याने टोस्ट आणला. तो मी खाल्ला.

परवा डॉक्टरांनी माझं वजन केलं. चष्मा पुसला. "जेवण कसं आहे?" त्यांनी विचारलं. "भूक छान लागते," मी म्हणालो.

काल लेक भेटायला आली होती. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, ही पडेल बरं एखाद्या दिवशी." मग आईचा शिवणाचा डबा काढून माझ्या अंगठीला आतून पांढरा दोरा गुंडाळून दिला. चार वेढे.

आज जेवताना तो तुटला.