लिहिल्याप्रमाणे

स्वेटर विणणाऱ्या बायका चिक्कार असतात. विणलेलं दुसरीला जमेल असं कागदावर उतरवणाऱ्या मोजक्या. ती त्या मोजक्यांतली. खिडकीपाशी टेबल, त्यावर चौकटींची वही, टेप आणि सुयांचा डबा. किती टाके घालायचे, कितव्या ओळीत कमी करायचे, बाही कुठे जोडायची, हे ती इतकं चोख लिही की नवशिकीनेही डोळे झाकून विणावं. तरी प्रत्येक पॅटर्न ती आधी तीन जणींकडून विणून घेई. एक निवृत्त शिक्षिका, एक नर्स आणि एक पोस्टात काम करणारी. तिघी तीन गावांत, एकमेकींना त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं. एकीचंच चुकलं तर चूक त्या विणणारीची. तिघींचं एकाच जागी चुकलं तर लिहिणारीची. हिशेब साधा होता.

वर्षातून एक पॅटर्न मात्र ती छापायला देत नसे. तो तिच्या मुलाच्या मापाचा. मुलगा अकरा वर्षांचा असताना सायकलवरून शाळेतून निघाला आणि घरी पोचलाच नाही. सायकलही सापडली नाही. तेव्हापासून दर वाढदिवसाला ती त्याच्यासाठी एक माप वाढवून स्वेटर लिही. माप अर्थात अंदाजाचं, वयाप्रमाणे मापं देणाऱ्या छापील तक्त्यातलं. विणणाऱ्या तिघींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षी तिन्ही स्वेटर आले आणि तिचं डोकंच फिरलं. तिन्हींच्या बाह्या इंचभर जास्त. उजवा खांदा डाव्यापेक्षा चार ओळींनी उतरलेला. तिने शिक्षिकाबाईंना फोन लावला.

"बाई, मी दोन्ही खांदे सारखे लिहिलेत."

"अहो, मग तसेच विणलेत की," बाई दुखावल्या. "जन्मभर पोरांच्या चुका काढल्या, आणि आता तुम्ही माझ्या काढताय होय?"

नर्सनेही तेच सांगितलं, पोस्टातलीनेही तेच. तिने आपला कागद ओळ न् ओळ तपासला. कागदात काही चूक नव्हती.

दुसऱ्या वर्षी बाह्या आणखी लांब आणि छाती तक्त्यापेक्षा बारीक. खांदा तसाच उतरता. ती ते स्वेटर मांडीवर घेऊन बसली असताना नवरा कामावरून आला आणि पाठमोरा उभा राहून बूट काढू लागला. त्याचा उजवा खांदा मुळातच जरा खाली. लग्नात फोटोग्राफरने "सरळ उभे राहा हो" म्हणून तीनदा टोकलं होतं, त्यावरून ती त्याला अजून चिडवायची. आज तिला चिडवायचं सुचलं नाही.

"तो वाढतोय," ती म्हणाली.

"कोण?"

तिने स्वेटर पुढे केला. नवऱ्याने तो हातात घेतला नाही.

"असलं काही मनात आणू नकोस. वेड लागेल तुला."

वेड लागलं नाहीच. उलट ती माणसांत आली. जेवू लागली, शेजारणीशी दोन शब्द बोलू लागली. दर वर्षी पार्सलं आली की टेप घेऊन बसायची आणि मापं वहीत उतरवायची. त्याच्या चौदाव्या वर्षी बाही एकदम तीन इंचांनी वाढली. "ताडमाड होतोय गं बाई," असं म्हणत ती एकटीच हसली आणि मग पोटभर रडली. पोर कुठेतरी जिवंत आहे, एवढंच तिला हवं होतं. नवरा या विषयावर अवाक्षर काढत नसे. फक्त वाढदिवस जवळ आला की सहज म्हणून विचारी, "पार्सल आलं का काही?"

यंदा त्याला अठरावं लागलं. तिचा आता त्या तीन जोडी हातांवर इतका भरवसा बसला होता, की तिने तक्ता उघडलाच नाही. गेल्या वर्षी आलेली मापं तशीच उतरवली, खांदे नेहमीप्रमाणे सारखे लिहिले आणि कागद पाठवून दिले. खरं माप ते हात काढतीलच, असं ती धरून चालली.

शिक्षिकाबाईंचं पार्सल आलं. तिने टेप लावली. बाही गेल्या वर्षीएवढीच. छातीही तेवढीच.

दोन दिवसांनी नर्सचं आलं. तेही तसंच.

तिने दोन्ही स्वेटर टेबलावर पसरले. चारही खांदे एका रेषेत होते.

"अगं, अठराव्या वर्षी वाढ थांबतेच पोरांची," नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच असं बोलत होता. त्याचा हात एका स्वेटरवर होता. दुपारचं ऊन सरळ टेबलावर पडलं होतं.

"आणि खांदा?"

त्याने तळहात खांद्याच्या शिवणीवरून फिरवला.

फोन वाजला. पोस्टातली होती. तिने स्पीकर लावला.

"ताई, उशीर झाला, रागावू नका हं. पार्सल आज टाकलंय. यंदा लोकर हाताला फार गार लागत होती हो. उन्हात ठेवून ठेवून विणली, तरी गारच. बोटं बधिर व्हायची. पण चूक एक नाही बघा. टाका न् टाका लिहिल्याप्रमाणे."

"बरं," ती म्हणाली.

नवऱ्याने स्वेटरवरचा हात सावकाश उचलला आणि दुसऱ्या हाताने तो चोळू लागला.