ढिगातला निळा दगड

गोट्यांच्या ढिगापाशी बसून तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि हातातला दगड जिभेने चाटला. नेमका तेव्हाच मागून आवाज आला.

“अहो, भूक लागली असेल तर माझा डबा आहे. दगड कशाला खाताय?”

तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे नव्या इमारतीचा इंजिनियर उभा होता. डोक्यावर हेल्मेट, ओठांवर हसू... आणि गालावर खळी! आता ही काय खळी बघायची वेळ होती? पण बघितली बाई तिने.

“खात नाहीये!” ती फणकारली. “अकीक आहे हा. कोरडा असला की बटाट्यासारखा दिसतो, ओला केला की आतले पट्टे उजळतात. जवळ पाणी नसलं की आम्ही... असंच करतो.”

“आम्ही? म्हणजे असे अजून आहेत?”

“आहेत. आणि सगळे शहाणे आहेत!”

तिने दगड उन्हात धरला. मधाच्या रंगाचे पट्टे, एकात एक, आणि मधोमध साखर सांडल्यासारखे स्फटिकाचे कण. लोक ‘छान छान’ म्हणून निघून जातात, तिला सवय होती. हा मात्र वाकून बघतच राहिला. “आणि मी हे गोटे बागेच्या वाटेवर अंथरायला निघालो होतो,” तो हळूच म्हणाला.

झालं! चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपलं की तिची पावलं आपोआप तिकडे वळायला लागली. इमारतीसमोर नदीतल्या गोट्यांचा ढीग, त्यापाशी ती उकिडवी बसलेली, आणि तो पाण्याची बाटली घेऊन हजर. “चाटू नका हो, पोट बिघडेल.” – “बिघडलं तर माझं बिघडेल, तुमचं काय जातंय?” – “जातंय थोडं...” एवढं बोलून गडी बाटलीचं झाकण फिरवत बसायचा.

“हे घर आहे की खाण?” घरी आई करवादायची. “पिठाच्या डब्यात गारगोटी सापडली मला! आणि हल्ली दगड घेऊन बाहेर जातेस काय, तेच घेऊन परत येतेस काय... तेही केसबिस विंचरून!”

ती खिडकीतले अकीक पुसत बसायची.

ढीग मात्र खाली बसत चालला होता. मजूर पाट्या भरून न्यायचे, वाट पुढे सरकायची. “वाट झाली की माझं इथलं काम संपलं,” तो एकदा सहज बोलून गेला. “पुढची साईट दुसऱ्या शहरात.” ढीग संपल्यावर इथे यायचं कोणत्या तोंडाने? आणि हा बाबा! इमारतीच्या इमारती उभ्या करतो, पण मनातलं एक वाक्य बोलवत नाही याला.

शेवटी गुडघ्याएवढाही ढीग उरला नाही. त्या संध्याकाळी तो भलताच अस्वस्थ होता. “त्या कोपऱ्यात बघा ना... नाही, म्हणजे, असेल तिथे काहीतरी.”

तिने हात घातला. निळाशार, गुळगुळीत, चकचकीत दगड!

“अरे वा! मिळाला की!” तो लहान मुलासारखा म्हणाला. “दुर्मिळ असेल, नाही?”

तिने दगड उलटला. खाली किमतीचं लेबल खरवडल्याचा चिकटा तसाच होता.

“इंजिनियरसाहेब, हा रंगवलेला आहे. दुकानातला.”

त्याचे कान लालबुंद झाले. “तो दुकानदार तर म्हणाला... बाप रे!”

“पण इथे का पुरलात?”

“ढिगात काही सापडलं नाही, तर तुम्ही उद्या येणार नाही... म्हणून.”

तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिने पर्स उघडून त्याच्यापुढे धरली. आत तिचेच तीन-चार अकीक होते.

“ढिगातले अकीक केव्हाच संपले. घरचे आणते, हळूच गोट्यांत टाकते आणि ‘सापडला!’ म्हणून ओरडते. तुम्ही बाटली घेऊन धावत यावं म्हणून.”

तो बघतच राहिला. मग खळी पडली. “मला तू... फार आवडतेस. बोलायला इतका वेळ लावला, राहून गेलं असतं.”

“मलाही,” ती म्हणाली. “आता दुसऱ्या शहरात जायच्या आधी घरी ये, आईला भेट. तिला वाटतंय मी वेडी झालेय.”

“येतो. उद्याच येतो! तो निळा दे इकडे, फेकून देतो. लाज वाटते.”

“खबरदार!” तिने मूठ घट्ट मिटली.

घरी खिडकीतल्या सगळ्या अकीकांच्या मधोमध तिने तो ठेवला. आई नाक मुरडून म्हणाली, “हा कसला भडक? कुठे सापडला?”

“ढिगात,” ती म्हणाली. “ज्याने पुरला, तोच उद्या येतोय सांगायला.”