साहेबांची लाईन सुटेना

हे खरं घडलंय. भूत अंधार पडल्यावरच निघतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. हे भर दुपारी घडलं, जेवणाच्या सुट्टीत, टेलिफोन एक्स्चेंजच्या पहिल्या मजल्यावर.

माझी आत्या तिथे मेकॅनिक होती.

एक्स्चेंज जुनं. लोखंडी मांडण्यांच्या रांगा, त्यांवर ओळीने स्विच. कुणी घरी बसून डायल फिरवला की इकडे एक स्विच टक टक करत तितक्या पायऱ्या चढायचा. पुढच्या आकड्याला पुढचा स्विच. आत्याला नुसत्या आवाजावरून नंबर कळायचा.

आणि ज्याने फोन लावला त्याने ठेवला, तरच लाईन सुटायची. ज्याला फोन आला त्याने रिसीव्हर कितीही आपटला तरी उपयोग नाही.

साहेबांचं तेच झालं होतं.

"कुणीतरी रोज या वेळेला फोन लावतं आणि धरून बसतं," साहेब केबिनमधून बाहेर येत म्हणाले. "बोलत काही नाही. बाई, माग काढा. मला माणूस पाहिजे."

आत्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर हातातला स्क्रू-ड्रायव्हर फेकून मारला असता, असं ती आजही सांगते.

कारण दीड महिन्यापूर्वी तिचा पाठचा भाऊ खांबावर शॉक लागून गेला होता. म्हणजे आमचा धाकटा काका. लाइनमन होता. विजेची तार टेलिफोनच्या तारेवर लोंबत होती.

नियम असा, की चढण्याआधी लाइनमनने खांबाच्या पायथ्याच्या डब्यातल्या फोनवरून साहेबांना फोन करायचा. वीज बंद आहे ना, विचारायचं. साहेबांनी वीजवाल्यांकडून खात्री करून सांगायचं. ते "चढ" म्हणाले, तरच चढायचं.

चौकशीत साहेब म्हणाले, फोन आलाच नाही.

झालं. चूक लाइनमनची. "आगाऊपणा नडला हो," असं लोक काकूला घरी येऊन ऐकवून गेले. वर तिच्याच हातचा चहा पिऊन गेले.

आत्याने माग काढायला घेतला. माग काढायचा म्हणजे उलटं चालायचं. साहेबांच्या स्विचपासून त्याच्या मागच्या स्विचकडे, तिथून त्याच्याही मागच्या. शेवटी खाली, जिथे बाहेरून आलेली तार जोडलेली असते तिथे.

जोडीला मास्तर होते. मेकॅनिकच, पण सगळ्यांना शिकवायची खोड, म्हणून मास्तर.

"ताई, हा धरलाय. याच्या मागे बघा."

"बघते."

"हाही धरलाय. आता खाली जातो, तारेपाशी."

मास्तर खाली गेले, ते वर येईनात.

"मास्तर?"

"ताई... इथे तारच नाही."

आत्या खाली आली.

दोन उघडे खिळे. त्यांच्यावर तार नव्हती, कारण ती तिनेच काढली होती, अपघातानंतर, स्वतःच्या हाताने.

ती त्या खांबाची लाईन होती.

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. आत्या जिना चढून तडक साहेबांसमोर उभी राहिली.

"माग लागला. धाकट्याच्या खांबावरून आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. पण साहेबच ते.

"काहीतरी बिघाड असेल. हाताने सोडवा."

"मी नाही सोडवणार."

"बाई, मी सांगतोय."

"सांगा की. तुम्ही सांगितल्यावर लोक काय काय करतात, ते बघितलंय मी."

साहेबांनी स्वतः बोटाने स्विच सोडवला. खळ्ळ करून खाली पडला. सगळं शांत.

आणि मग...

टक-टक-टक-टक.

स्विच पुन्हा चढायला लागला. घाईघाईने. धाकट्याला डायल आपोआप परत येईपर्यंत दम नसायचा, बोटाने मागे रेटायचा. "अरे, नंबर चुकेल," म्हणून आत्या त्याला कितीदा ओरडली होती.

नंबर चुकला नाही. केबिनमध्ये घंटा वाजली.

साहेबांनी परत सोडवला. परत चढला.

आत्याने बोलायची नळी असलेला हेडफोन लावून लाईन ऐकली. आधी वारा... मग वाऱ्यात कुणाचा तरी श्वास... मग कमरेच्या पट्ट्याची कडी खांबाच्या लाकडावर आपटल्याचा आवाज.

"बोल ना," आत्या म्हणाली. "एरवी कान किटेपर्यंत बोलायचास."

वाट बघत असल्यासारखा श्वास तेवढा येत राहिला.

आत्याने हेडफोन काढून साहेबांच्या कानाला लावला.

"त्याने विचारलंय. उत्तर द्या."

साहेब हेडफोन काढायला गेले, आत्याने तो दाबून धरला.

"द्या उत्तर. या वेळी खरं द्या."

साहेब खाली बसले. तोंडावर हात धरून म्हणाले, "चढू नकोस... वीज चालू आहे."

खळ्ळ.

एकामागून एक सगळे स्विच खाली पडले. कुणी हात लावला नव्हता.

"म्हणजे फोन आला होता, साहेब," मास्तर हळूच म्हणाले.

"आला होता. जेवत होतो मी. वीजवाल्यांना न विचारताच हो म्हटलं आणि ठेवला."

चौकशी पुन्हा झाली, तेव्हा हे मास्तरांनी सांगितलं. साहेबांनी नाकारलं नाही. धाकट्यावरची चूक पुसली गेली. चहा पिऊन गेलेल्यांपैकी कुणी परत आलं नाही, पण काकू मान वर करून चालायला लागली.

साहेबांना पुन्हा तसा फोन आला नाही.

परवा मी आत्याला म्हटलं, "चला, सुटला बिचारा."

ती माझ्यावरच उसळली.

"कुठे सुटला? त्या मेल्याने त्याला 'चढू नकोस' एवढंच सांगितलं. माझा भाऊ सांगितलेलं ऐकणारा होता. खांबाखाली उभा असेल अजून, वीज बंद व्हायची वाट बघत."

मग तिने पदराने चष्मा पुसला.

"घरी जा, असं कुणी म्हणालंच नाही त्याला. मीसुद्धा नाही."

तो खांब अजून आहे. मी त्या रस्त्याने जात नाही.